आधी उतरणं बघा, मग उडी: ३ ते ६ वर्षांच्या पोरांचा तोल आणि उड्या तपासायच्या कशा

पहिल्या वर्षी मी मोजपट्टी घेऊन गेले होते. सोलापुरातलीच एक बालवाडी, नाव नको, पोरांच्या उड्या मोजायच्या आणि तक्ता भरून द्यायचा एवढंच मला सांगितलं होतं, म्हणून खडूनं रेघ मारली, एकेकाला उभं केलं, उडी मार म्हटलं आणि सेंटिमीटर लिहीत गेले. एक साडेपाच वर्षांचं पोरगं सगळ्यात लांब गेलं, मी खूश होऊन आकडा लिहिला, तर शेजारी उभ्या मावशी म्हणाल्या, "बाई, पोरगं उडतंय झकास, पण उतरतंय कसं ते बगा की." परत उडवलं तर खरंच की, गुडघे काठीसारखे ताठ, टाचा धाडकन फरशीवर, तोल पुढं गेला आणि दोन्ही हात टेकून जवळजवळ तोंडावरच. आणि माझ्या तक्त्यात तो पहिला नंबर!

तेव्हापासून मोजपट्टी घरी असते. हे लिहितेय ते नवीन बालवाडीच्या ताया, नर्सरीच्या टीचर, आणि ज्या पीटीच्या सरांना अचानक पहिलीचा वर्ग गळ्यात पडलाय त्यांच्यासाठी. आईबाबांना घरी करून बघायचं असेल तरी चालेल, फक्त शेजारच्या पोराशी तुलना करायला वापरू नका म्हणजे झालं.

जायच्या आधी

जागा आधी बघून या. आपल्याकडं बहुतेक शाळांत शहाबादी फरशी असते, ती कोरडी आणि झाडलेली असेल तर तोल बघायला चांगली, पण उडीला कडक. मग कुणीतरी हुशारी करून वर चादर अंथरतं. हे अजिबात करू नका, फरशीवर सोलापुरी चादर म्हणजे घसरगुंडी, पोराचा पाय टेकला की चादरीसकट पुढं जातो, मी डोळ्यांनी बघितलंय. गादी पण नको, ती इतकी मऊ असते की पाय आत रुततो आणि ज्याला उतरता येतं तोही लडबडतो. सगळ्यात बरं म्हणजे मातीचं सपाट अंगण, आधी खडे आणि सराटे वेचून घ्यायचे, सराटे तर नक्कीच वेचा कारण पोरं अनवाणी करणार आहेत. चप्पल, बूट, मोजे सगळं काढायचं. मोजे घालून फरशीवर तोल बघितला तर तुम्ही पोराचा तोल बघत नाही, मोज्याचा बघताय.

वेळ सकाळची. मार्चपासून तर नऊच्या आत आटपा, नंतर फरशी अशी तापते की पोरगं आपोआपच एका पायावर उभं राहतं. खिचडी खाल्ल्या खाल्ल्या नको. आणि कपडे बघा, मोठ्या भावाची पॅन्ट घालून आलेलं पोरगं पायात पाय अडकून पडतं आणि आपण लिहितो तोल कच्चा. पॅन्टचे पाय दुमडून द्या आधी.

सामान फार लागत नाही. खडू, दोन-तीन मीटर सुतळी, मोबाईलमधलं स्टॉपवॉच, पेन्सिल, आणि साधारण वीतभर उंचीची एक पायरी, शाळेच्या दारातली सगळ्यात खालची असते ती चालते. बाक, खुर्ची, टेबल यावरून उडी मारायला लावायची नाही, कितीही पोरं "मी मारतो, मी मारतो" म्हणाली तरी.

एका वेळी चार-पाचच पोरं घ्या आणि मोठी माणसं दोन, एक करून घेणारं आणि एक बघून लिहिणारं. दोन्ही एकटीनं करायला गेलात तर होतं काय की तुम्ही मान खाली घालून लिहिता तेवढ्यात उडी होऊन जाते. मला एका शाळेत ६० पोरं एका तासात उरकायला सांगितली होती, मी पण नवीन होते, हो म्हटलं, घरी बसून आठवून आठवून कागद भरला आणि दुसऱ्या दिवशी सहज ताडून बघितलं तर अर्धं चुकलेलं. नाही म्हणायला शिका. एका पोराला पाच-सात मिनिटं लागतात.

सांगू नका, करून दाखवा

हे सोलापुरात तर फारच. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू चालतं, अक्कलकोटकडची पोरं कन्नड बोलतात, आणि आपण शुद्ध मराठीत "दोन्ही पाय जोडून पुढे उडी मार" असं सांगून पोरगं उभंच राहिलं की लिहितो, उडी येत नाही. मी बेडूक म्हटलं की काही पोरं नुसती बघत बसायची, एका ताईंनी "कप्प, कप्प" म्हणून सांगितलं तर सगळी टुणटुण. तेलुगूत कप्प, कन्नडात कप्पे, दोन्हीकडं चालून जातं. पण त्याहून सोपं म्हणजे स्वतः एकदा करून दाखवायचं, पदर खोचून. दाखवताना पूर्ण नीट दाखवा, कारण पोरं तुमच्या चुकांसकट नक्कल करतात. त्यांना एकदा सरावाला करू द्या, तो धरायचा नाही, मग दोन वेळा बघायचं, उतरणं तेवढं तीनदा.

आणि "परीक्षा" हा शब्द तोंडातून काढू नका. आधी पाच मिनिटं पकडापकडी खेळवा म्हणजे अंग मोकळं होतं आणि लाजणारी पण सुटतात.

एका पायावर

सुरुवात इथून. पोराच्या डोळ्यांसमोर भिंतीवर खडूनं एक फुली मारा आणि तिकडं बघायला सांगा. तोल सांभाळायला तीन ठिकाणांहून बातमी लागते, कानाच्या आतला भाग, डोळे, आणि पायाचे तळवे-सांधे-स्नायू, आणि लहान पोरांचा भर डोळ्यांवर फार असतो. इकडं तिकडं बघणारं पोरगं हललंच म्हणून समजा. त्यामुळं या वयात डोळे मिटून उभं करायच्या भानगडीत पडू नका.

एक पाय उचलायचा, दुसऱ्या पायाला टेकवायचा नाही, गुंडाळायचा नाही. हात कसेही असू देत. पाय उचलला की घड्याळ चालू, आणि उचललेला पाय टेकला, किंवा खालचा पाय जागेवरून सरकला, किंवा पोरानं काही धरलं की बंद. १० सेकंदांना थांबवा, पुढं मोजून काही मिळत नाही. दोन्ही पायांवर दोन-दोनदा, त्यातलं चांगलं ते लिहा.

ढोबळ अंदाज सांगते. ३ वर्षांचं मूल सेकंद-दोन सेकंद राहतं, ४ वर्षांचं चार-पाच, ५ पूर्ण झालेलं आठ-दहापर्यंत जातं. हे ढोबळच आहे, साडेतीन आणि पावणेचार यात सुद्धा फरक पडतो, म्हणून कागदावर वय वर्षं आणि महिने असं लिहा, नुसतं "३" नको.

पण सेकंदांपेक्षा मला हे बघायला आवडतं की राहतंय कसं. हात पंख्यासारखे फिरतात का, कंबर एकीकडं पडते का, पायाची बोटं फरशी पकडून ठेवतात का, श्वास रोखलाय का, जीभ बाहेर आलीय का. जीभ बाहेर म्हणजे काळजीचं काही नाही हं, मेहनत चालू आहे एवढंच. आणि "हलू नको, हलू नको" असं ओरडू नका, त्यानं हटकून हलतं.

पहिलीच्या सरांसाठी एक गोष्ट इथंच सांगून टाकते, कारण गोंधळ होतो. खेलो इंडिया, फिट इंडियाच्या तपासणीत ५ ते ८ वर्षांसाठी फ्लेमिंगो बॅलन्स टेस्ट आहे, त्यात ५० सेंटिमीटर लांब, ५ उंच आणि फक्त ३ रुंद अशा लाकडी पट्टीवर एका पायावर उभं राहायचं आणि एका मिनिटात किती वेळा तोल गेला ते मोजायचं, पहिल्या ३० सेकंदांत १५ पेक्षा जास्त वेळा गेला तर शून्य. ती टेस्ट त्या वयाला ठीक आहे. तीच पट्टी घेऊन कुणी बालवाडीत आलं तर प्रेमानं परत पाठवा.

रेघेवर चालणं

हे पटकन होतं. दोन-तीन मीटरची रेघ, मागच्या पायाच्या अंगठ्याला पुढच्या पायाची टाच लावत चालायचं, पाच-सहा पावलं नीट पडली का बघायचं. मग तीच रेघ चवड्यांवर. सुतळी अंथरली तर पायाला जाणवते म्हणून लहानांना ती सोपी जाते. एक पोरगी होती, रेघेवर पाऊल टाकायलाच तयार नव्हती, भोकाड पसरून बसली. जानेवारीचे दिवस, गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा, नुकताच झालेला, त्यात नंदीध्वजाच्या उंच काठ्या मिरवतात, म्हणून घरी पोरं काठी कमरेला लावून नंदीध्वज नंदीध्वज खेळत होती. दिली तिला एक हलकी काठी हातात, म्हटलं मिरवणूक आली, तर अशी ताठ चालली रेघेवरून की बाराबंदी घालून ते ध्वज पेलणारे सेवेकरी बघत राहिले असते. येत तर होतं तिला, आमची विचारायची पद्धत चुकली होती.

म्हणून कागदावर दोन वेगळे शेरे ठेवा: "जमलं नाही" आणि "केलं नाही". हे दोन एकत्र केले की सगळा कागद वाया.

उडी

आधी जागच्या जागी. दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटले का, हेच पहिलं. साधारण अडीच वर्षांच्या आसपास हे यायला लागतं. काही पोरांचा एक पाय आधी सुटतो आणि दुसरा मागून जातो, ती उडी नाही, लांब ढांग आहे ती, तसंच लिहा.

मग पुढं उडी. बाजूला उभं राहून बघा, समोरून हात दिसत नाहीत. चार गोष्टी बघायच्या आणि यात माझं काही नाही, टीजीएमडी नावाची ३ ते १० वर्षांच्या मुलांसाठीची जी चाचणी जगभर वापरतात त्यातल्याच या आहेत. उडायच्या आधी गुडघे वाकले आणि हात मागं गेले का. उडताना हात जोरात पुढं आणि डोक्याच्या वर गेले का. दोन्ही पाय एकत्र सुटून एकत्र टेकले का. टेकताना हात खाली आले का. प्रत्येकाला १ नाहीतर ०, दोन उड्या बघायच्या, झालं. अंतर किती गेलं याला त्यात मार्क नाहीत, आणि मी तिकडं फरशीवर रांगत सेंटिमीटर मोजत होते.

३-४ वर्षांच्या बऱ्याच पोरांचे हात उडताना चक्क मागं जातात, पाखरासारखे, किंवा नुसते बाजूला पसरतात. ते वयाचंच आहे, ० लिहा आणि पुढं चला, वाईट वाटून घेऊ नका.

उतरणं

इथं मात्र वेळ काढा, सगळा जीव इथं आहे.

पोराला त्या वीतभर पायरीवर उभं करा, खाली खडूनं एक गोल काढा, दोन्ही पाय एकदम, गोलात उतर आणि पुतळा हो असं सांगा, म्हणजे दाखवा. लहान असेल किंवा घाबरत असेल तर पायरी सोडा, सपाटीवरच्या उडीचंच उतरणं बघा. तुम्ही दोन हात लांब, हात पुढं तयार ठेवून, पण धरायचं नाही.

पहिली उडी मी कानानं ऐकते. खरंच, तोंड फिरवून ऐका एकदा. "धप्प" आला की पाय ताठ, "टप" आला की गुडघे काम करतायत. असं का, तर झेल घेताना आपण हात मागं नेतो ना, चेंडू हाताला लागू नये म्हणून, अगदी तेच. चवडा आधी टेकतो, मग टाच, मग गुडघे आणि कंबर दुमडते, आणि तो सगळा धक्का एका क्षणात न बसता थोडा थोडा जिरतो. ताठ पायानं उतरलं की तो हाडात, सांध्यात जातो, नाहीतर शरीराला पुढं ढकलतो, माझ्या त्या पहिल्या नंबरच्या पोरासारखं.

दुसरी उडी बाजूनं. ढुंगण थोडं मागं गेलं का, छाती गुडघ्यांच्या वर आहे का पार खाली कोसळलीय, हात पुढं येऊन तोल धरतायत का. पाय टेकल्यावर मनात दोन आकडे मोजा. त्या दोन आकड्यांत पुतळा राहिला तर जमलं. एक पाऊल पुढं टाकलं तर अर्धवट. हात जमिनीला टेकले किंवा पडलं तर अजून नाही.

तिसरी समोरून, फक्त गुडघ्यांसाठी. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनं राहतात का आत येऊन एकमेकांना भेटतात. इथं नवीन माणूस घाबरतं, कारण ३-४ वर्षांच्या पोरांचे गुडघे नुसतं उभं असताना पण आत वळलेले दिसतात. ते या वयात सर्रास असतं आणि बहुतेकांचं सातेक वर्षांपर्यंत आपोआप सरळ होतं, तळवे सपाट दिसणं पण तसंच. त्यामुळं उभं असताना कसं दिसतं ते आधी एकदा बघून ठेवा, मग उतरताना त्याहून जास्त आत येतात का ते बघा, आणि एकच गुडघा येत असेल तर गोल करून ठेवा.

या तीन उड्या झाल्या की थांबा. दमलेलं पोरगं चौथ्या-पाचव्याला वाईटच उतरतं.

लंगडी

आपल्याला वेगळी टेस्ट शोधायची गरजच नाही, लंगडी आहे की. उजव्या पायावर किती, डाव्यावर किती, मोजायचं. ४ वर्षांच्या आसपास दोन-तीन निघतात, ५ नंतर पाच-सहा तरी. मुली पुष्कळदा पुढं असतात यात. आवडत्या पायावर जास्त निघणारच, पण एकीकडं आठ आणि दुसरीकडं एकही नाही असं असेल तर लिहून ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

कागद कसा भरायचा

तीन खुणा पुरतात, जमलं, अर्धवट, अजून नाही, आणि चौथी ती "केलं नाही". शेजारी एक ओळ शब्दांत, "गुडघे ताठ, पुढं पडतो", "डावा पाय कच्चा", "हात मागं". महिनाभरानं ही ओळच कामाला येते, नुसती खूण बघून काही आठवत नाही. नंबर काढू नका आणि पोरांसमोर बोलू नका, त्यांना सगळं कळतं. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घेतला तर उतरणं फार छान दिसतं, पण आईवडिलांना विचारून घ्या, बघून झाला की डिलीट करा, आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर चुकूनही टाकू नका, त्यावरून काय रामायण होतं ते मी सोसलंय.

मग त्या ओळीवरून खेळ निवडायचा. ताठ उतरणाऱ्याला "मांजर कशी उतरते, आवाज येतो का?" एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं, चोरपावलानं उतरायची शर्यत लावा, जिचा आवाज कमी ती जिंकली. तोल कच्चा असेल तर पुतळा, ठिकरी, लिंबू-चमचा. हात वापरत नसेल तर वर दोरीला फुगा बांधून त्याला हात लावायला उड्या. रोज दहा मिनिटं, बास. तसंही जागतिक आरोग्य संघटना ३-४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल हवी म्हणते, त्यातला तासभर दम लागेल अशी, आणि दोन खोल्यांच्या घरात, खाली रस्ता आणि रिक्षा, ते पोरगं जाणार कुठं? शाळेत मिळालं तर मिळालं.

डॉक्टरांना कधी दाखवायचं

बहुतेक "अजून नाही" हे खेळून सुटतात. पण काही गोष्टी बघितल्या तर थांबू नका. जमिनीवरून उठताना हात मांड्यांवर ठेवत ठेवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखं उठणं. कायम चवड्यांवर चालणं. एक बाजू आणि दुसरी बाजू यात ठळक फरक. साडेतीन झाली तरी दोन्ही पाय जमिनीवरून न सुटणं. सारखं पडणं. आणि आधी येत होतं ते आता येत नाही, हे तर लगेच. आपण निदान करायचं नाही, रोगाचं नाव तोंडातून काढायचं नाही, बघितलं ते जसंच्या तसं सांगायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, त्यांना तो कागद दाखवा, पुढं कुठं पाठवायचं ते सांगतात. पथक यायला वेळ असेल तर वाट बघत बसू नका, बालरोगतज्ज्ञ गाठा.

आईशी बोलताना दारात, चार बायकांत नको. एका आईंना मी बाजूला घेतलं तर पहिला प्रश्न, "काय झालंय ओ बाई पोराला?" घरी वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन तशाच आलेल्या, हातात रिकामं सूप. म्हटलं, "काही झालेलं नाही ओ ताई, डाव्या पायावर जरा कमी उभं राहतोय, उजव्यावर मस्त राहतोय. घरी जिना चढताना कसा चढतो?" तर त्यांनीच सांगितलं की एकच पाय पुढं टाकत चढतो, आणि लहानपणी एकदा पाय प्लॅस्टरमध्ये होता. हे मला त्या कागदावरून कधीच कळलं नसतं.

सहा ते आठ आठवड्यांनी परत बघा. तीच जागा, तीच पायरी, सकाळची तीच वेळ, अनवाणी. आणि जुना कागद आधी काढू नका, नाहीतर जे लिहिलंय तेच दिसायला लागतं, नवीन पूर्ण भरून झाला की मग दोन्ही शेजारी ठेवा.